युद्ध दूर चाललंय, माझा त्याच्याशी काय संबंध? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ या एका वर्षात ३६ देशांत मिळून, निदान एका बाजूला सरकार असलेले ६१ सशस्त्र संघर्ष चालू होते, असं स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाची नोंद सांगते. १९४६ नंतर एवढी संख्या कधीच झाली नव्हती. त्या वर्षअखेरीस युद्ध, हिंसा आणि छळामुळे घरदार सोडावं लागलेल्यांचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशेबानुसार १२ कोटी ३२ लाखांवर पोहोचला होता. उरलेले आपण बातमी वाचतो, हळहळतो आणि कामाला लागतो. त्या हळहळीतून जे प्रश्न लोक विचारतात, बरेचदा जरा संकोचूनच, ते इथे घेतले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत आणि ती मी झाकलेली नाहीत.

बातम्या पाहून आता काहीच वाटत नाही. माझं काळीज दगडाचं झालंय का?

नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९६० च्या दशकात हिरोशिमातून वाचलेल्या लोकांशी दीर्घ संवाद साधला. आजूबाजूला प्रेतांचा खच पडलेला असताना आपल्याला काही वाटेनासं झालं होतं, असं त्यांतल्या अनेकांनी सांगितलं. लिफ्टन यांनी या अवस्थेला मानसिक बधिरता म्हटलं. तग धरण्यासाठी मन स्वतःचं दार लावून घेतं. दूरवर बसून बातम्या वाचणाऱ्याचं दुःख त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, पण दार लावून घेण्याची सवय त्याच्याही मनाला असतेच.

पुढे पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने आकड्यांच्या अंगाने याच गोष्टीचा पाठपुरावा केला. एका माणसाची हकिगत ऐकली की आपला जीव तुटतो. माणसं वाढत जातात तशी ही कळकळ वाढायला हवी, पण ती उलट पातळ होत जाते. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका चिमुकल्या सीरियन मुलाचं छायाचित्र जगभर पोहोचलं. तोवर सीरियातल्या युद्धाला चार वर्षं उलटून गेली होती आणि मृतांची संख्या लाखांत होती. त्या लाखांनी जे झालं नव्हतं ते एका छायाचित्राने झालं. स्वीडनमध्ये रेड क्रॉसकडे येणाऱ्या देणग्या एकदम कित्येक पटींनी वाढल्या आणि काही आठवड्यांत पुन्हा ओसरल्या. स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची आकडेवारी प्रसिद्ध केली आहे. युद्ध मात्र ओसरलं नव्हतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की जबाबदारी भावनेच्या भरवशावर सोडू नका. रडू येणं न येणं आपल्या हातात नसतं. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पाठवणं, आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणं, शेजारी राहायला आलेल्या विस्थापित कुटुंबाची कागदपत्रं भरून देणं मात्र हातात असतं. त्या दिवशी मन कोरडं असलं तरी ही कामं होतात.

एका युद्धासाठी जीव कासावीस होतो आणि दुसऱ्याचं नावही आठवत नाही. हा दुजाभाव नाही का?

आहे, आणि तो तसाच मान्य केलेला बरा. आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारख्या घरात राहणारी माणसं ढिगाऱ्याखाली दिसली की आपल्याला आपलं घर आठवतं. इतरांच्या बाबतीत ‘तिकडे हे नेहमीचंच आहे’ असं मनात येतं. या एका वाक्याने फार माणसं एकटी पडली आहेत. कुठल्याही आईला मुलाचं मरण नेहमीचं नसतं.

पण सगळा दोष आपल्या मनाचा नसतो. काय दिसावं आणि काय दिसू नये, हे पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं. इथिओपियातल्या तिग्राय प्रांतात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा फोन आणि इंटरनेट तोडण्यात आलं, पत्रकारांना वाटा बंद झाल्या. चित्रं नाहीत म्हणून चर्चा नाही. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी दलात लढाई जुंपली. पुढे एक कोटीहून अधिक माणसं बेघर झाली, जगातलं सर्वांत मोठं विस्थापन म्हणून त्याची नोंद झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफुरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचं जाहीर झालं. ही बातमी किती जणांनी पहिल्या पानावर वाचली?

दुजाभावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. युक्रेनमधून लोक बाहेर पडू लागले तेव्हा युरोपीय संघाने ४ मार्च २०२२ रोजी तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला. हा नियम २००१ पासून कागदावर होता, पण २०१५ मध्ये सीरियन माणसं दाराशी आली तेव्हा तो वापरला गेला नव्हता. दोन्ही वेळा माणसं बॉम्बखालूनच आली होती. युक्रेनच्या लोकांना जे मिळालं त्याबद्दल मला तक्रार नाही. तेवढंच सगळ्यांना देता येतं, हे त्यातून सिद्ध झालं आणि आता ‘जमणारच नाही’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

मग सतत बातम्या पाहत राहणं हे निदान माझं कर्तव्य नाही का?

माझ्या मते नाही. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या बातम्यांत बुडालेल्या लोकांनी जो तीव्र ताण नोंदवला, तो स्फोटाच्या जागी हजर असलेल्यांपेक्षाही जास्त होता. या ताणाचा जखमींना काडीचाही उपयोग झाला नाही. दिवसाची एक वेळ ठरवा, नीट लिहिलेला एखादा मोठा लेख वाचा, नकाशा उघडून जागा शोधा. त्या देशाचा मागच्या पन्नास वर्षांचा इतिहास माहीत असलेला माणूस शंभर क्लिप पाहिलेल्या माणसापेक्षा पीडितांच्या जास्त कामाचा असतो.

हे युद्ध मी सुरू केलं नाही. मग जबाबदारी माझ्यावर कुठून आली?

इथे दोष आणि जबाबदारी यांची गल्लत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी आपल्याच देशबांधवांपुढे हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला. त्यांची पत्नी ज्यू होती आणि नाझी राजवटीने त्यांचं अध्यापन बंद केलं होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. गुन्हा ज्याने केला त्याचा, तिथे न्यायालय निकाल देईल. संपूर्ण समाजाला नैतिक गुन्हेगार ठरवणं त्यांना मान्य नव्हतं. पण राज्याच्या कृत्यांचे परिणाम नागरिकांना वाहावे लागतात, आणि डोळ्यांदेखत अन्याय होत असताना गप्प राहिल्याचा जाब ज्याचा त्याने स्वतःच्या मनाला द्यायचा असतो, असं त्यांनी बजावलं.

ही झाली युद्ध करणाऱ्या देशातल्या लोकांची गोष्ट. तुमचा देश त्या युद्धात नसेल तरी एक धागा राहतोच. १९४९ चे चार जिनिव्हा करार जगातल्या सगळ्या देशांनी स्वीकारले आहेत आणि चारही करारांचं पहिलं कलम एकच आहे: आम्ही हे नियम कोणत्याही परिस्थितीत पाळू आणि इतरांनाही पाळायला लावू. रुग्णालयावर हल्ला नको, जखमी आणि कैद्यांना इजा करायची नाही, हा शब्द तुमच्या देशाने तुमच्या वतीने दिलेला आहे. तो पाळला जातोय का, हे विचारण्याचा हक्क त्यामुळे तुम्हाला आपोआप मिळतो. शिवाय शस्त्रं कुठे बनतात, कुणाला विकली जातात, निर्वासितांना व्हिसा मिळतो की नाही, मदतनिधीला किती पैसे जातात, हे निर्णय रणांगणापासून दूर, शांत शहरांतल्या कचेऱ्यांमध्ये होतात. स्टॉकहोमच्या सिप्री या शांतता-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता. हा पैसा करांतून येतो.

आणि या सगळ्याच्या आधीची, साधी गोष्ट म्हणजे समोर आलं म्हणून करणं. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हेन्री ड्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी अल्जीरियातल्या आपल्या धंद्याचं काम घेऊन फ्रेंच सम्राटाला भेटायला निघाला होता. युद्धाशी त्याचा काही संबंध नव्हता. जवळच्या कास्तिलिओने गावात हजारो जखमी येऊन पडले होते. चर्चमध्ये, अंगणांत, रस्त्यांवर गवत पसरून त्यांना ठेवलं होतं, आणि अन्नपाणी असूनही ते देणारे हात नसल्यामुळे माणसं मरत होती. ड्युनांने गावातल्या बायकांना गोळा केलं. पोरं बादल्या घेऊन पाणी आणू लागली. त्याने आपल्या गाडीवानाला ब्रेशिया शहरात पाठवून सदरे, पट्ट्या, स्पंज, लिंबं, साखर आणि तंबाखू मागवला. जखमी कुठल्या सैन्याचा हे कुणी विचारायचं नाही, असं ठरलं, आणि त्या बायका एकमेकींना सांगू लागल्या: सगळे भाऊच. यातूनच १८६३ मध्ये रेड क्रॉसची आणि १८६४ मध्ये पहिल्या जिनिव्हा कराराची वाट निघाली. पण मला यात सगळ्यात जास्त भावते ती गाडीवानाने आणलेल्या सामानाची यादी. लिंबं आणि सदरे. कुणीतरी तहानलेल्या माणसाकडे नीट पाहिलं होतं, म्हणून ती यादी झाली.

शत्रुदेशातल्या सामान्य लोकांसाठी वाईट वाटणं म्हणजे गद्दारी का?

हा प्रश्न लोक सर्वांत घाबरत विचारतात, म्हणून त्याचं उत्तर रोखठोक देते: नाही. सैनिक आणि नागरिक यांच्यात फरक करायचा, हा युद्धाच्या कायद्याचा पाया आहे. तो पाळणं हा देशद्रोह असेल, तर नागरिकांच्या संरक्षणाचा चौथा जिनिव्हा करार स्वीकारून जगातल्या प्रत्येक देशाने तो केलेला आहे.

१९१९ ची गोष्ट. पहिलं महायुद्ध थांबलं होतं, पण ब्रिटन आणि त्याच्या मित्रराष्ट्रांनी केलेली नाकेबंदी उठली नव्हती. जर्मनी आणि ऑस्ट्रियात मुलं अन्नावाचून सुकत होती. एग्लंटाइन जेब ही ब्रिटिश बाई लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन मुलाचं चित्र असलेली पत्रकं वाटताना पकडली गेली. घराघरांत युद्धात गेलेल्या मुलांचं सुतक होतं आणि ही बाई शत्रूच्या मुलांसाठी भांडत होती. लोकांचा राग किती असेल याची कल्पना करा. न्यायालयाने पाच पौंड दंड केला. खटला संपल्यावर तिच्याविरुद्ध उभे असलेले सरकारी वकील आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी तेवढीच रक्कम स्वतःच्या खिशातून तिच्या हातावर ठेवली. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था त्याच वर्षी उभी राहिली आणि १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या बालहक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा जेबनेच लिहिला.

आपल्या माणसांचं दुःख कमी लेखा, असं कुणी म्हणत नाही. आपल्या सैनिकाच्या घरी जा, त्याच्या आईजवळ बसा. त्यासाठी पलीकडच्या आईचा तिरस्कार करावा लागत नाही.

पैसे द्यावेत की वस्तू?

बहुतेक वेळा पैसे. जुने कपडे आणि वस्तूंचे ढीग बंदरांत, गोदामांत अडकून पडतात, त्यांच्या छाननीत मदत करणाऱ्यांचाच वेळ जातो आणि खरोखर लागणाऱ्या औषधांची वाट अडते. मदतकार्यात मुरलेला कुणीही हे सांगेल. रोख मदत मिळाली की त्या कुटुंबाला दूध हवं, भाडं हवं की चष्मा, हे ते कुटुंबच ठरवतं, आणि तिथल्या दुकानदाराचंही घर चालतं. तिथे आधीपासून काम करणारी, हिशेब जाहीर करणारी संस्था निवडा. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी, पण वर्षानुवर्षं, आणि जमलं तर ज्या युद्धाबद्दल कुणी बोलत नाही त्याच्यासाठी.

युद्धातून आलेल्या माणसाशी काय बोलावं? चुकून काही बोलले तर?

या भीतीने लोक बोलतच नाहीत, आणि तेच त्या माणसाला जास्त लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये संकटातल्या माणसाला मानसिक प्रथमोपचार कसे द्यावेत याची पुस्तिका काढली. तिचं सार तीन सूचनांत मावतं: पाहा, ऐका, जोडून द्या. आधी त्याला आता काय लागतंय ते पाहा, तो सांगेल तेवढं ऐका आणि ज्यांच्याकडून खरी मदत मिळेल त्यांच्याशी गाठ घालून द्या. ‘काय काय पाहिलंस ते सांग, बोलल्याने मोकळं वाटेल’ असा आग्रह धरू नका. घटनेनंतर लगेच सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीची ही संघटना शिफारस करत नाही.

समजा, युद्धातून आलेली एक बाई तुमच्याशी बोलतेय. तिचा फोन टेबलावर उलटा ठेवलेला नसतो, पडदा वर असतो. तिने सकाळी आईला मेसेज टाकलेला असतो आणि त्यापुढे अजून एकच टिक असते. एक टिक म्हणजे तिकडे वीज नसेल, नेटवर्क नसेल, किंवा दुसरंच काही. ती हसून तुमच्याशी बोलत असते आणि दर काही मिनिटांनी तिची नजर त्या टिककडे जाते. अशा वेळी ‘फोन बघायचा असेल तर बघा, मी थांबते’ एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ. दार जोरात आपटलं आणि ती दचकली, तर ‘दार होतं’ एवढंच सांगा. सरकारी अर्जावर ‘कायमचा पत्ता’ हा रकाना आला की पेन अडतं, तिथे शेजारी बसून राहा.

‘तुम्ही नशीबवान, वाचलात’ हे मात्र बोलू नका. मागे राहिलेल्यांची नावं तिच्या मनात असतात. आणि तिला नेहमी पीडित म्हणूनच वागवू नका. ती गणिताची शिक्षिका असेल, तर मुलांच्या गणिताबद्दल विचारा. संघर्षग्रस्त भागात दर पाच माणसांत एकाला नैराश्य, चिंताविकार, आघातोत्तर ताण किंवा असा काही मानसिक त्रास असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे त्रास मोठा आहे, पण उरलेले चौघं मुख्यतः काम, शाळा आणि भाड्याचं घर शोधत असतात.

समाजमाध्यमांवर पोस्ट टाकून काही होतं का?

होतं, चांगलं आणि वाईट दोन्ही. जुन्या युद्धाचे व्हिडिओ नव्याचे म्हणून फिरतात, व्हिडिओ गेममधली दृश्यंसुद्धा खरी लढाई म्हणून खपली आहेत. एक खोटी क्लिप उघडी पडली की दहा खऱ्या क्लिप नाकारायला कारण मिळतं, आणि याची किंमत पीडित मोजतात. पुढे पाठवण्याआधी चित्र कधीचं, कुठलं, ते शोधून पाहा.

पकडलेल्या सैनिकांचे, रडणाऱ्या कैद्यांचे व्हिडिओ पाठवू नका, मग तो सैनिक कुठल्याही बाजूचा असो. युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलाचा विषय करू नये, असं तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या १३व्या कलमात म्हटलं आहे. ते बंधन सरकारांवर आहे, पण त्यामागची माणुसकी आपल्यालाही लागू आहे. मृतदेहाचं छायाचित्र टाकण्याआधी ते त्याच्या बहिणीने पाहिलं तर काय होईल, याचा विचार करा.

मुलांना किती सांगावं?

त्यांनी विचारलं तेवढं, खरं, आणि त्यांच्या वयाला झेपेल असं. लहान मुलांना एकच दृश्य पुन्हा दाखवलं तर तो स्फोट पुन्हा झाला असं वाटू शकतं, तेव्हा टीव्ही बंद ठेवा. आपण सुरक्षित आहोत का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, त्याचं उत्तर आधी द्या. कुठल्या देशाची माणसं वाईट, हे मात्र त्यांना शिकवू नका.

माझं आयुष्य सुखात चाललंय याची लाज वाटते.

आनंद सोडून दिल्याने तिकडे कुणालाही एक घास जास्त मिळत नाही. उलट, लाज फार दिवस झाली की माणूस त्या विषयाकडे पाठ फिरवतो. सुखात आहात म्हणूनच तुमच्याजवळ वेळ, झोप आणि थोडे पैसे आहेत. ते वापरा.

सामान्य माणसांच्या दबावाने कधी काही बदललंय का?

हो. १९९२ मध्ये सहा स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन भूसुरुंगांवर बंदी आणा अशी मोहीम सुरू केली. तेव्हा भूसुरुंग हे सैन्यांचं अगदी रोजचं हत्यार होतं. पाय गमावलेल्यांनी, डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांनी पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या. पाच वर्षांत, १९९७ मध्ये, ओटावा करार झाला आणि मोहिमेला व तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. अनेक मोठ्या लष्करी सत्तांनी सही केली नाही, तरीही कोट्यवधी साठवलेले सुरुंग नष्ट झाले. २०२५ मध्ये युरोपातल्या काही देशांनी या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. मिळवलेलं टिकवायलाही माणसं लागतात. ते काम करणाऱ्या नागरिकांबद्दल मला अतिशय आदर वाटतो.

शस्त्रसंधी झाली. आता तरी संपलं ना?

बातमी संपते. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतले कोट्यवधी छोटे बॉम्ब फुटलेच नाहीत. ते शेतांत पडून राहिले आणि तेव्हा जन्मलाही नव्हता असा शेतकरी आज नांगर धरताना जपून पाऊल टाकतो. येमेनमध्ये २०२१ अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार मृत्यू झाले असतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज होता. त्यांतले सुमारे ६० टक्के गोळी किंवा बॉम्बने मेले नव्हते. भूक, घाण पाणी आणि न मिळालेले उपचार यांनी मेले. असं मरण शस्त्रसंधीच्या तारखेला थांबत नाही. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हियाच्या विघटनातल्या युद्धांत सुमारे ४० हजार माणसं बेपत्ता झाली. हाडांवरून ओळख पटवण्याचं काम अजून चालू आहे, आणि हजारो घरांना अजून उत्तर मिळालेलं नाही.

तेव्हा मासिक देणगी बंद करण्याचा विचार शस्त्रसंधीच्या आठवड्यात करत असाल, तर थांबा. कॅमेरे परत गेले की निधी आटतो, आणि सुरुंग काढणाऱ्या तुकड्या, कृत्रिम पाय बसवणारी केंद्रं, बेपत्तांचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळा यांचं खरं काम तेव्हाच सुरू झालेलं असतं. तुमची रक्कम यांपैकी एखाद्या कामाकडे वळवता येते का, हे संस्थेला लिहून विचारा.